शस्त्रपरवाना आणि मद्यपान

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेने दक्षिणेकडे सुमारे २५ किलोमीटर गेले की ओरत्तनाडु लागते. तालुक्याचे गाव. कावेरीचे पाणी कालव्यांनी ह्या भागात येते. भाताची शेते आणि नारळीच्या बागा हीच येथली मुख्य संपत्ती. मराठी वाचकाला हे गाव सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे ह्यांनी मुक्तांबाळच्या नावे बांधविलेले छत्र येथेच आहे. रामेश्वरास निघालेल्या यात्रेकरूला ह्या वाटेवरच्या छत्रांत अन्न मिळे, आसरा मिळे, आजारी पडल्यास औषधही मिळे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा प्रदेश एवढेच राजाच्या हाती उरले. तलवार बाजूस पडली, पण अन्नदानाचा मान राहिला.

मानपानाची ही आवड ह्या मुलखात आजही ठसठशीतपणे दिसते. ओरत्तनाडूच्या दक्षिणेस पेरावूरणि, आलंगुडि, कीरमंगलम् ह्या पट्ट्यात आडि आणि आवणि महिन्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, ‘मोय विरुंदु’ नावाच्या मेजवान्या होतात. यजमान शेकडो लोकांना सामिष भोजन घालतो. पाहुणे जेवतात आणि ‘मोय’, म्हणजे आहेराची रोकड, देऊन जातात. कोणी किती दिले ह्याची वहीत नोंद होते आणि पुढे त्या पाहुण्याच्या मेजवानीत ती रक्कम भर घालून परत करावी लागते. भिशी आणि आहेर ह्यांचा हा संकर आहे. एकाच दिवसात लाखो रुपये गोळा होतात. कधी आकडा कोटीपर्यंतही जातो.

समजा, अशा एका मेजवानीला ओरत्तनाडूचा एक नारळ-व्यापारी चालला आहे. रोकड बाळगावी लागते, एकटा प्रवास करावा लागतो, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडून त्याने रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळविला आहे. शस्त्र .३२ बोअरचे, कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात बनलेले. ते कमरेच्या चामडी म्यानात आहे आणि वर सदरा सोडलेला आहे. जेवण आटोपते, हिशोब मिटतो, आणि मंडपामागच्या खोलीत चार स्नेही त्याच्यापुढे पेला सरकवितात. त्याने काय करावे?

प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचे उत्तर कोणत्याही सरकारी कागदावर सरळ लिहिलेले सापडत नाही. म्हणून तो थोडा मुळापासून पाहावयास हवा.

शस्त्र बाळगण्यास परवाना लागतो ही कल्पना आपल्याकडे रुजली ती १८७८ च्या शस्त्रकायद्याने. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील ह्या कायद्याने एतद्देशीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले, आणि युरोपियनांना त्यातून वगळले. ज्याला परवाना मिळे तो सरकारच्या विश्वासातला. त्यामुळे परवाना ही गावात मिरविण्याची गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. वंशाचा भेद गेला, परंतु मिरविण्याची वृत्ती गेली नाही. भिंतीवर टांगलेली बंदूक ही पुष्कळ घरांत आजही संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी असते. मद्याचेही तसेच आहे. ते आदरातिथ्याचा भाग झाले की नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान ठरतो. लग्नकार्यात ह्या दोन प्रतिष्ठा एकाच माणसाच्या अंगी एकत्र येतात.

कायद्याने ह्या भेटीची दखल कितपत घेतली आहे? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. आपण मादक पदार्थांच्या अधीन नाही, ह्याचा त्यात खास उल्लेख असावा लागतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. हातबंदूक सार्वजनिक जागी न्यावयाची तर ती म्यानात असली पाहिजे. ती परजणे किंवा झाडणे मना आहे. परवानाधारक ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ आहे अशी खात्री पटल्यास परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम १७ ने अधिकाऱ्याला दिला आहे. नियमांचा रोख असा आहे: व्यसनी माणसाला शस्त्र मिळू नये. परंतु व्यसन नसलेला, चांगला, सभ्य, आठवड्यातून एखादे वेळी दोन पेले घेणारा जो गृहस्थ, त्याने त्या दोन पेल्यांच्या वेळी शस्त्राचे काय करावे, हे सांगणारा आकडा कायद्यात नाही. मोटार चालविणाऱ्यासाठी तो आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पिस्तूल बाळगणाऱ्यासाठी अशी रेघ ओढलेली नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्या स्थितीतील विसंगती अधिकच जाणवेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा म्हणून तेथे मद्य बाळगण्यास आणि पिण्यासही परवाना लागतो. तो काढण्याची तसदी किती जण घेतात हा भाग वेगळा. म्हणजे कायद्याप्रमाणे वागणाऱ्या एखाद्या पुणेकर वा नाशिककर गृहस्थाच्या खिशात दोन परवाने असू शकतात, एक पेल्याचा आणि एक पिस्तुलाचा. दोन्ही सरकारनेच दिलेले, पण खाती वेगळी, आणि एका कागदाला दुसऱ्याची वार्ता नाही. तमिळनाडूतील गंमत निराळी. तेथे राजाजींच्या सरकारने १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. १९७१ मध्ये ती उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. १९८३ मध्ये टॅस्मॅक हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि २००३ पासून किरकोळ मद्यविक्रीही त्याच्याच हाती आली. मद्यनिषेधाचा १९३७ चा कायदा मात्र कागदोपत्री कायम आहे, आणि त्याच्याच आधारे सरकार मद्य विकते.

दोन्ही गोष्टींना परवानगी आहे, तेव्हा दोन्ही एकदम करावयास हरकत नसावी, असा तर्क कोणी केला तर तो कोठे जातो हे पाहण्यासाठी एक जुना खटला आठवणे उपयोगाचे आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ‘बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य’ ह्या नावाने ठाऊक असतो. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचा संघ. १२ मार्च १९५४ चा दिवस. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार दुसऱ्या गावी लग्नाला गेला होता. वऱ्हाडी मंडळी वधूच्या घरी दुपारच्या जेवणासाठी जमली. काही बसले होते, काही बसावयाचे होते. सर्वांनीच बरीच घेतली होती. जमादाराने तर फारच. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा जेथे बसला होता तेथून त्याने थोडे सरकावे, म्हणजे आपल्याला नीट बसता येईल, असे जमादार म्हणाला. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी झाडली. मुलगा मरण पावला.

वैर नव्हते, वाद नव्हता, पैशाचा व्यवहार नव्हता. पंगतीतली एक जागा, एवढेच कारण. सत्र न्यायालयाने हेतू वा पूर्वनियोजन नव्हते हे लक्षात घेऊन फाशीऐवजी जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते एकाच मुद्द्यावर: एवढ्या नशेत असलेल्या माणसाने केलेले हे कृत्य खून मानावयाचे, की त्याहून सौम्य असा सदोष मनुष्यवध? १७ एप्रिल १९५६ रोजी न्या. चंद्रशेखर अय्यर ह्यांनी निकाल दिला. आरोपी मध्ये मध्ये अडखळत होता, असंबद्धही बोलत होता, हे साक्षीपुराव्यात आले होते. परंतु तो स्वतःच्या पायांनी तेथवर आला होता, बसावयाची जागा त्याने स्वतः निवडली होती, गोळी झाडल्यावर त्याने पळण्याचा प्रयत्न केला, आणि पकडला गेल्यावर आपण काय केले हे उमगून त्याने क्षमा मागितली. ज्याला एवढे कळत होते त्याची बुद्धी हेतू धरण्यास असमर्थ झाली होती असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. खुनाची शिक्षा कायम राहिली.

ह्या निकालामागचे तत्त्व तेव्हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ८६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २४ मध्ये आहे. स्वतःच्या इच्छेने मद्य घेतलेल्या माणसाला, तो शुद्धीत असता तर त्याला जेवढे ज्ञान असते तेवढे होतेच, असे कायदा धरून चालतो. पोटात गोळी घातली की माणूस मरतो, हे मला त्या वेळी कळत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. हेतूपुरता नशेचा विचार होतो, परंतु त्यासाठी ती बुद्धी पार बधिर करणारी असल्याचे दिसून यावे लागते. कोणी फसवून वा बळजबरीने मद्य पाजले असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर पेला उचलणारा हात आणि चाप ओढणारा हात एकाच माणसाचे आहेत, असेच न्यायालय मानते.

मला स्वतःला ह्या खटल्यात सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निकालाची नसून जागेची वाटते. शुद्धीवर असता त्याच जमादाराने काय केले असते? कुरकुरला असता, मुलाला दटावले असते, फार तर यजमानाकडे तक्रार केली असती. मद्याने त्याच्यात नवा राग ओतला असे मानण्याचे कारण नाही. मग बदलले काय? क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ह्याचे एक उत्तर मांडले. मद्य म्हणजे दृष्टीचा आखूडपणा, असे थोडक्यात त्यांचे म्हणणे. जवळचे, ठळक, आत्ताचे जे असेल ते डोळ्यांत भरते. दूरचे आणि नंतरचे जे असते ते धूसर होत जाते. न सरकणारा मुलगा जवळ होता. मुलाचे आईबाप, तुरुंग, स्वतःची निवृत्तीची वर्षे ही सारी दूर होती. शुद्धीतल्या माणसाच्या मनात ह्या दोन बाजू एकमेकींना तोलून धरतात. पेल्याबरोबर दुसऱ्या पारड्यातले वजन उतरत जाते. कमरेला पिस्तूल नसते तर उरलेल्या पारड्यात फार तर एक थप्पड होती.

आता किती मद्याने हे घडते, ह्या प्रश्नाकडे येऊ, कारण ‘मला चढत नाही’ असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा ब्रँडीत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या लहान पेगात म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तो १०० मिलिलिटरमागे साधारण २० मिलिग्रॅमपर्यंत जातो. हलक्या अंगाच्या माणसात, आणि स्त्रियांत, त्याहून वर. दुकानात ज्याला क्वार्टर म्हणतात ती १८० मिलिलिटरची बाटली घ्या. तिच्यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. यकृत तो तासाला सरासरी सात-आठ ग्रॅम ह्या गतीने जिरविते. ही गती आपल्या हातात नाही. थंड पाण्याची अंघोळ, लिंबाचे सरबत किंवा कुंभकोणमची नामांकित डिग्री कॉफी ह्यांनी माणूस जागा राहतो, यकृत घाई करीत नाही. रात्री १० च्या सुमारास क्वार्टर संपविलेला माणूस सकाळी ६ वाजेपर्यंत पूर्णपणे कोरडा झालेला असेलच असे नाही.

भरल्या पोटी घेतले तर बाधत नाही, ह्या समजुतीतही अर्धेच सत्य आहे. मटणाच्या जेवणावर घेतलेले मद्य पोटात रेंगाळते आणि आतड्यात सावकाश पोचते. चढण हळू होते, पण ती पुढेही ढकलली जाते. मंडपातून निघताना जो ठणठणीत असतो त्याला अर्ध्या-पाऊण तासाने, काळोख्या रस्त्यावर, एखादी मोटारसायकल मागून जवळ येत असताना, पेल्याचा खरा परिणाम जाणवू लागतो. किंबहुना जाणवतही नाही. ह्या विषयाची खरी अडचण हीच आहे. आपण किती घेतले, आपल्याला किती चढली, आता थांबावे की नाही, हे ज्या बुद्धीने ठरवावयाचे तिच्यावरच मद्याचा पहिला परिणाम होतो. म्हणून ‘बेताने घ्यावे’ हा उपदेश घरी बसून पिणाऱ्याला पुरेसा असेल. शस्त्र बाळगणाऱ्याच्या कामाचा तो नाही. त्याचा निर्णय पहिल्या घोटाआधी झालेला असला पाहिजे, आणि तो प्रमाणाचा नसावा. शस्त्र अंगावर असेल तर मद्य नाही, आणि मद्य घ्यावयाचे असेल तर शस्त्र अंगावर नाही, इतका तो साधा असावा.

लपवून बाळगलेल्या शस्त्राच्या बाबतीत ह्याची निकड आणखी वाढते. मोटारीने आलेला पाहुणा झोकांड्या देऊ लागला की कोणी तरी त्याच्या हातातून किल्ली काढून घेते. मोटार सर्वांना दिसत असते. सदऱ्याखालचे रिव्हॉल्व्हर कोणाला दिसत नाही. ते झाकलेले असावे हे एरवी योग्यच, कारण उघडे शस्त्र भय आणि कुतूहल दोन्ही वाढविते. परंतु झाकल्यामुळे चार माणसांची नजर हा जो नेहमीचा लगाम, तो सुटतो. त्या खोलीत आपल्यापाशी काय आहे हे एकट्या बाळगणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि सावध राहण्याचे सारे ओझे त्याच्यावरच पडते.

बरे, ते आहे हे स्नेह्यांना ठाऊक असले तरी काय? आपला नारळ-व्यापारी सरळ मनाने म्हणेल, ‘मी घेणार आहे, तेव्हा हे तेवढे तुझ्याजवळ ठेव.’ हेतू उत्तम, परंतु कायद्याच्या दृष्टीने हे दोघांनाही अडचणीत टाकणारे आहे. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही ह्याची खातरजमा केली नाही अशाच्या हाती ते देणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि घेणारा परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगणारा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षे कैदेची शिक्षा होऊ शकते. मोटारीच्या खणात ठेवले तर? मोटार फोडणे सोपे, खण उघडणे त्याहून सोपे, आणि चोरीला गेलेल्या शस्त्राने पुढे काय घडेल ह्याची टोचणी आयुष्यभराची. खिशातल्या गोळ्या काढून टाकल्या आणि रिकामे रिव्हॉल्व्हर कमरेला ठेवले तर? ते रिकामे आहे हे समोरच्याला ठाऊक नसते. नशेत ते उपसले गेले तर भीतीपोटी घडणारे सारे तसेच घडते. म्हणजे मंडपात पोचल्यावर सुटकेची एकही वाट उरत नाही. वाट असते ती घरून निघताना.

घरून निघताना दोनच गोष्टींपैकी एक ठरवावयाची आहे. रोकड आणावयाची आहे, संरक्षण हवे आहे, तर शस्त्र बरोबर घ्यावे आणि त्या दिवसापुरते मद्य वर्ज्य समजावे. यजमानाला ते आधीच सांगून ठेवावे. ‘आज औषध चालू आहे’ अशी सबब लोक सांगतात; मला ती गैर वाटत नाही, कारण भर मंडपात ‘माझ्यापाशी रिव्हॉल्व्हर आहे’ असे जाहीर करणे त्याहून वाईट. उलट, स्नेह्यांबरोबर मनसोक्त बसावयाचे आहे, तर शस्त्र रिकामे करून, गोळ्या वेगळ्या ठेवून, घरच्या पोलादी कपाटात कुलूपबंद करावे, आणि रोकड आणण्याचे काम बँकेवर, दुसऱ्या माणसावर किंवा दुसऱ्या दिवसावर सोपवावे. परतल्यावर त्या रात्री कपाट उघडू नये. शस्त्र साफ करणे, तपासून पाहणे, कोणाला दाखविणे, ही सारी कामे कोरड्या डोक्याची आहेत. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की ते रिकामे झाले असे समजून चाप ओढणे, आणि नळीत राहिलेली एक गोळी सुटणे, हा अपघात शुद्धीतल्या माणसाकडूनही होतो. सकाळीही वरचा हिशोब ध्यानात ठेवून, पुरेसे तास गेल्याखेरीज ते कमरेला लावू नये.

घराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सहसा बोलली जात नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. भारतात शस्त्रे कमी, म्हणून हे प्रमाणही वेगळे; परंतु मनुष्यस्वभाव वेगळा नाही. कर्ज, पिकाचे नुकसान, घरातला कलह ह्यांनी खचलेल्या माणसाला मद्य क्षणभर दिलासा देते आणि मग तोच आखूड दृष्टीचा दोष त्याच्या दुःखाला लागू होतो. आजची रात्र तेवढी दिसते, उद्याचा दिवस दिसत नाही. अशा काळात घरात शस्त्र असू नये. किल्ली दुसऱ्याकडे देऊन भागत नाही. शस्त्रच घराबाहेर असावे.

अन्य देशांनी ह्या बाबतीत काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्यासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम एवढी खाली आहे. वरच्या हिशोबाने एक लहान पेग म्हणजे जवळजवळ ती गाठणे झाले. ओहायो राज्याने २०११ मध्ये परवानाधारकाला मद्यालयात शस्त्रासह जाण्याची मुभा दिली, पण तेथे त्याने स्वतः मद्य घेता कामा नये अशी अट घातली. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात नशेच्या अमलाखाली शस्त्र हाताळणे हाच गुन्हा आहे. ते झाडले जाण्याची वाट पाहिली जात नाही. आपल्या कायद्यातही असा आकडा यावा असे मला वाटते. परवान्याची मुदत २०१९ पासून पाच वर्षांची झाली आहे. पाच वर्षांतून एकदा दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र त्या माणसाच्या एखाद्या शनिवारच्या रात्रीबद्दल काय सांगणार?

२०१९ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकले, हे मान्य केले पाहिजे. उत्तर भारतातील लग्नांत हवेत गोळ्या झाडण्याची जी रीत आहे तिच्यामुळे वऱ्हाडी, वाजंत्री आणि कधी नवरदेवही मरण पावले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबातील भटिंडा जिल्ह्यात मौड मंडी येथे एका लग्नात मंचावर नाचणारी तरुणी अशाच गोळीने मृत्युमुखी पडली. आता निष्काळजीपणे किंवा समारंभातील आनंदापोटी गोळीबार करून इतरांच्या जिवाला धोका उत्पन्न करणाऱ्याला कलम २५ (९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणी जखमी व्हावेच लागते असे नाही. तंजावरकडील मंडपांत नादस्वरम् आणि तविल वाजतात, फटाके उडतात. बंदुकीची ही रीत सुदैवाने इकडे रुजलेली नाही. परंतु कलमात मद्याचा उल्लेख नाही, आणि गोळी सुटण्याआधीच्या तासाला ते स्पर्श करीत नाही.

तो तास मोकळा ठेवण्याची एक सोय मात्र नियमांत पूर्वीपासून आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. पोलीस ठाण्यात ती नोंदवून घेतली जातात, पावती मिळते आणि निकालानंतर ती परत केली जातात. ओरत्तनाडूच्या परवानाधारकाला ही पावती चांगली परिचयाची आहे. परंतु शस्त्र जमा करण्यासाठी निवडणूकच यावी लागते असे नाही. सुरक्षित ठेवीसाठी शस्त्रे स्वीकारण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे कोणीही परवानाधारक स्वेच्छेने, ठराविक शुल्क देऊन, आपले शस्त्र ठेवू शकतो. परवाना अबाधित राहतो आणि कारण सांगावे लागत नाही. मुलीचे लग्न आहे, घर आठवडाभर पाहुण्यांनी भरणार आहे, रोज रात्री बैठका होणार आहेत. किंवा कुटुंबातला कोणी काही महिन्यांपासून अधिक पिऊ लागला आहे आणि बोलेनासा झाला आहे. अशा वेळी मुहूर्ताच्या दोन दिवस आधी, अथवा ज्या दिवशी ती शंका मनात आली त्याच दिवशी, रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या विक्रेत्याकडे मोजून द्याव्यात, पावतीवर शस्त्राचा क्रमांक नीट लिहिला आहे ना हे पाहून घ्यावे, आणि पावती परवान्याच्या पुस्तिकेत ठेवावी.